मागे फिरणारा मित्र

गोमतीच्या पलीकडे, कुकरैलच्या वनापासून फारशी दूर नाही अशी, इंदिरा नगर ही लखनौची एक विस्तीर्ण वसाहत आहे. उत्तर प्रदेशाच्या आवास विकास परिषदेने ती वसविली. विमानतळाकडून येणारी मेट्रो जेथे संपते ते मुन्शी पुलिया स्थानक ह्याच भागात आहे. कचेऱ्या, बँका, शाळा-महाविद्यालये यांत आयुष्य घालविणाऱ्या मध्यमवर्गाची येथे मोठी वस्ती. सपाट मैदानातील ह्या शहराला डोंगरांची ओढ असण्याचे एक कारण इतिहासात आहे. कुमाऊँ आणि गढवाल हे डोंगरी प्रदेश ९ नोव्हेंबर २००० रोजी वेगळ्या राज्यात गेले. तोपर्यंत त्यांचा कारभार लखनौहूनच चाले. त्यामुळे येथील कित्येक अधिकाऱ्यांच्या नोकरीची काही वर्षे अल्मोडा, चमोली, पिथौरागढ अशा ठिकाणी गेली, आणि बदली होऊन मैदानात परत आल्यावरही बर्फाची शिखरे मनातून गेली नाहीत.

अशा वसाहतीत चाळिशी-पन्नाशीचे चार-सहा जुने मित्र एकत्र जमले की केव्हा ना केव्हा एक बेत निघतोच. महाविद्यालयात असताना राहून गेलेली पिंडारी हिमनदीची वाट आता तरी चालून यावी, असा तो बेत असतो. पुण्यातील मित्रमंडळींत हाच बेत हरिश्चंद्रगडापासून सुरू होऊन हिमालयापर्यंत जातो. इंदूर, बडोदे, बंगळूर, जेथे जेथे मराठी मंडळी आहेत तेथे तेथे तो थोड्याफार फरकाने होत असतो. प्रवासाची साधने आज पूर्वीहून सुलभ आहेत, हाती थोडा पैसा आला आहे, मुले मोठी झाली आहेत. सोबतीला कोण, हा प्रश्न तर कोणी विचारीतच नाही. जुने मित्र आहेत, यापेक्षा उत्तम सोबत कोणती?

वस्तुतः हाच प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा. अवघड वाटेवर जुना मित्र हे मोठे संरक्षण असते, आणि काही प्रसंगी तोच धोकाही ठरतो. ह्या दोन्ही गोष्टी एकाच गुणातून, म्हणजे दीर्घ परिचयातून, उत्पन्न होतात. हे कसे घडते ते पाहण्यासाठी शंभर वर्षांपूर्वीच्या एका मुंबईकर मित्रमंडळाची हकीकत उपयोगी पडेल.

१९२० साली मुंबईच्या ओव्हल मैदानावर एका फ्रेंच प्रवाशाचे व्याख्यान झाले. हा गृहस्थ युरोपातून पायी चालत हिंदुस्थानात आला होता. ते व्याख्यान ऐकून बाँबे वेटलिफ्टिंग क्लबातील काही पारशी तरुणांच्या मनात सायकलीवरून जगाची प्रदक्षिणा करण्याची कल्पना आली. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तुम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कापडिया अशी त्या सहा जणांची नावे. सगळे विशीतले. एकाच आखाड्यात वजने उचलणारे, एकमेकांच्या ताकदीची आणि खोडींची पुरती ओळख असणारे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी हे सहा जण मुंबईहून निघाले.

ते १८ मार्च १९२८ रोजी परत आले, तेव्हा तिघेच होते. हकीम, बापासोला आणि भुमगरा. मधल्या चार वर्षे पाच महिन्यांत त्यांनी सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर सायकलीवरून तोडले होते. ह्या अवधीचे दिवस मोजले तर ते सोळाशेच्या वर भरतात. म्हणजे मुक्काम, आजारपण, बोटीचा प्रवास हे सारे धरूनही रोजचे सरासरी चव्वेचाळीस किलोमीटर पडतात. इराण, मेसोपोटेमिया, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, आग्नेय आशिया अशी त्यांची वाट होती. बगदाद ते अलेप्पो हा ९५६ किलोमीटरांचा वाळवंटी टप्पा त्यांनी २३ दिवसांत ओलांडला. सायकल वाळूत चालत नाही, ती ढकलावी लागते. आणि वरून वादळ सुटले की पुढच्या माणसाचे चाकही दिसत नाही. अशा ठिकाणी मागे राहिलेला मित्र ओरडला तर त्याचा आवाज ओळखून थांबणारे कोणी असणे, यावर जीव अवलंबून असतो.

ह्या तिघांनी पुढे आपल्या प्रवासाचे वर्णन इंग्रजीत लिहिले. ‘विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड’ हे ते पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले आणि पंडित जवाहरलाल नेहरूंनी त्यास प्रस्तावना लिहिली. नेहरू स्वतः डोंगरांचे वेडे होते, तेव्हा ह्या तरुणांविषयी त्यांना जिव्हाळा वाटला यात नवल नाही.

परंतु येथे लक्ष वेधावयाचे आहे ते उरलेल्या तिघांकडे. नरिमन कापडिया काही महिन्यांतच, तेहरानहून, घरगुती कारणासाठी परतले. उरलेले पाच जण अमेरिकेपर्यंत एकत्र होते. तेथे गुस्ताद हाथीराम यांनी त्याच देशात कायमचे राहावयाचे ठरविले. त्या मित्राच्या वियोगाने खिन्न होऊन केकी पोचखानवाला न्यूयॉर्कहून स्वदेशी परतले, असे सांगतात. म्हणजे सहांपैकी एकाने घरासाठी, एकाने नव्या आयुष्यासाठी आणि एकाने मित्राखातर वाट सोडली. ह्या तिन्ही कारणांत भित्रेपणा कोठेच दिसत नाही. तरीही अशा हकीकतींच्या गौरवात पोहोचलेल्यांचीच नावे राहतात, आणि न पोहोचलेल्यांचा उल्लेख ‘गळाले’ ह्या एका शब्दात होतो. फळ झाडावरून गळते तसा माणूस गळत नाही. तो विचार करून थांबतो, आणि थांबण्याचा तो विचार मित्रांसमोर उच्चारणे हे वाळवंट ओलांडण्याइतकेच अवघड असू शकते.

शिवाय त्या तिघांच्या जाण्याने मोहीम मोडली नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. सहांचे पाच झाले, पाचांचे तीन झाले, पण जे राहिले ते राहण्याची इच्छा असलेलेच राहिले. तेहरानला मन घरी लागलेला सहावा गडी केवळ भिडेखातर पुढे ओढला गेला असता, तर वाळवंटातल्या तेवीस दिवसांत त्याचे ओझे कोणी वाहिले असते? मोकळेपणाने मागे फिरता येणे ही त्या मंडळाची दुर्बलता नव्हती. बहुधा त्यामुळेच ते शेवटपर्यंत टिकले.

ह्याच काळातला दुसरा एक सायकलप्रवासी मुंबईचा फ्रामरोझ दावर. तो १९२४ साली एकटाच निघाला. व्हिएन्नात त्याची गुस्ताव स्टाव्यानिक ह्या ऑस्ट्रियन तरुणाशी गाठ पडली, आणि पुढची सात वर्षे, सहारा व अमेझॉन पार करीत, १९३१ पर्यंत ते दोघे बरोबर होते. वाटेवर जोडलेली मैत्री जुन्या मैत्रीइतकीच टिकाऊ असू शकते, याचा हा दाखला. त्यानंतर १९३३ साली केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे तिघे निघाले आणि १९४२ साली, पाच खंडांतून सुमारे ८४,००० किलोमीटर सायकल चालवून, तिघेही परतले.

सायकलीच्या वाटेवर मागे फिरणे निदान उघड्या डोळ्यांनी होते. पर्वतावर तेवढीही सवलत नाही, कारण तेथे उंचीचा पहिला घाला माणसाच्या निर्णयशक्तीवरच पडतो. हा भाग थोड्या विस्ताराने समजून घेणे इष्ट आहे.

लखनौ समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटरांवर आहे. रात्रीच्या गाडीने निघालेला प्रवासी सकाळी काठगोदामला उतरतो, तेथून मोटारीने अल्मोडा किंवा बागेश्वरकडे जातो, आणि पुढे पायवाटेने खाती गावी पोहोचतो. खाती सुमारे २,२०० मीटर, द्वाली सुमारे २,६००, फुरकिया ३,२६०, आणि जेथून पिंडारी हिमनदी पाहावयाची ते ‘झीरो पॉइंट’ सुमारे ३,६६० मीटर उंचीवर आहे. हिमालयाच्या मानाने ही वाट सोपी गणली जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र सोपी म्हणजे निर्धोक नव्हे. झीरो पॉइंटपाशी हवेचा दाब मैदानातल्या दाबाच्या सुमारे दोन-तृतीयांश राहतो. ५,५०० मीटरांवर तो निम्मा होतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच असते, परंतु दाब उतरल्यामुळे प्रत्येक श्वासातून शरीराला तो कमी मिळतो. शरीर ह्या उणिवेशी जुळवून घेते, परंतु त्याला काही दिवस लागतात. म्हणून ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, असा वैद्यांचा सल्ला आहे. दिवसा अधिक उंच जाऊन रात्री खाली झोपावयास हरकत नाही.

सुमारे २,५०० मीटरांच्या पुढे काहींना डोके दुखणे, मळमळ, थकवा, झोप न लागणे असा त्रास होऊ लागतो. तो बहुधा एक-दोन दिवसांत, वर न चढता थांबल्यास, निवतो. दुखणे अंगावर काढून चढत राहिल्यास मात्र दोन भयंकर विकार संभवतात. एकात फुप्फुसांत पाणी साचते. विश्रांती घेत असतानाही धाप लागते, कोरडा खोकला येतो, ओठ निळसर दिसू लागतात. दुसऱ्यात मेंदूला सूज येते. माणूस झिंगल्यासारखा चालतो, असंबद्ध बोलतो, चिडतो, किंवा एकाएकी गप्प होतो. टाचेला बोट लावून सरळ रेषेत दहा पावले चालावयास सांगितले असता त्याचा तोल गेला, तर संशयाला जागा उरत नाही. दोहोंवर पहिला व निश्चित उपाय एकच, तो म्हणजे ताबडतोब खाली उतरणे. रात्र असो, पाऊस असो, हिमनदी अर्ध्या तासावर असो, उतरणे टाळता येत नाही.

आता ह्या लक्षणांतील एक गोष्ट पाहावी. चिडणे, गप्प होणे, रेंगाळणे, वेंधळेपणा करणे, यांपैकी कोणतेही लक्षण रोग्याला स्वतःला जाणवत नाही. ज्या मेंदूने ‘माझे काही बिनसले आहे’ असे म्हणावयाचे, तोच बिघडलेला असतो. आणि परक्या माणसालाही ते कळत नाही. त्याला वाटते की हा गृहस्थ स्वभावतःच तुसडा असेल. ते कळते फक्त जुन्या मित्राला. वीस वर्षे प्रत्येक विनोदावर पहिला हसणारा माणूस आज हसला नाही. नेहमी चहात दोन चमचे साखर मागणारा आज चहाच नको म्हणाला. बुटाची नाडी बांधावयास त्याला तीनदा वाकावे लागले. दीर्घ परिचयाचे खरे मोल येथे आहे. तंबू, दोर, औषधे, प्राणवायू मोजणारे बोटावरचे चिमुकले यंत्र, हे सारे बाजारात मिळते; आपला मित्र सर्वसाधारणपणे कसा असतो याचे ज्ञान मिळत नाही.

आणि नेमका येथेच दुसरा पैलू समोर येतो. जे मित्राला दिसते ते तो बोलून दाखवीलच असे नाही. जुन्या मंडळींत प्रत्येकाची जागा ठरून गेलेली असते. महाविद्यालयात जो धावण्यात पहिला येई तो पन्नाशीतही पुढेच चालतो, मग त्याच्या हृदयाची परीक्षा होऊन कितीही वर्षे लोटलेली असोत. जो भित्रा म्हणून चिडविला जाई तो धोका प्रथम ओळखतो, पण हशा होईल म्हणून बोलत नाही. ‘चल रे, काही होत नाही’ हे वाक्य मराठी मित्रमंडळींत जितक्या वेळा उच्चारले जाते, तितक्या वेळा ते विचारपूर्वक उच्चारले जात असेल असे वाटत नाही. लखनौच्या ‘पहले आप’ची गंमत सर्वांना ठाऊक आहे, एकमेकांना आधी चढण्याचा आग्रह करता करता दोन्ही नबाबांची गाडी सुटून जाते. पर्वतावर मागे फिरण्याच्या बाबतीत नेमके तेच होते. प्रत्येकाच्या मनात परतावे असे येते, आणि ते शब्द दुसऱ्याने प्रथम काढावेत म्हणून प्रत्येक जण थांबून राहतो.

भारतीय गिर्यारोहणाच्या इतिहासात तुकडीला गाठण्याच्या घाईचे एक दुःखद उदाहरण आहे. १९५८ साली मुंबईचे केकी बुनशा यांच्या नेतृत्वाखाली भारतीय तुकडी चो ओयू ह्या ८,००० मीटरांहून उंच शिखरावर गेली. मेजर नरेंद्र धर जयाल हे तिचे एक सभासद. दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटचे ते पहिले प्राचार्य, म्हणजे पर्वताविषयी इतरांना शिकविणारे. ते मागून निघाले आणि पुढे गेलेल्या सोबत्यांना गाठण्यासाठी शरीराला उंचीची सवय होण्यापूर्वीच वर चढले. एप्रिल महिन्यात त्यांचा तेथे मृत्यू झाला, तेव्हा त्यांचे वय तीस होते. तुकडीतील सोनम ग्यात्सो आणि पासंग दावा लामा यांनी १५ मे रोजी शिखर गाठले. ज्ञान, धैर्य, अनुभव, काही म्हणजे काही जयालांपाशी कमी नव्हते. कमी पडले ते दिवस.

त्या काळी फुप्फुसांत पाणी साचण्याच्या ह्या विकाराला पुष्कळदा न्यूमोनिया समजत. तो उंचीमुळे होणारा स्वतंत्र विकार आहे हे ठसठशीतपणे मांडणारा निबंध १९६० साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेखक होते डॉ. चार्ल्स ह्यूस्टन. त्यानंतर १९६२ च्या युद्धामुळे हजारो भारतीय सैनिकांना एकाएकी उंच सरहद्दीवर जावे लागले, आणि डॉ. इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ सैनिकांच्या आजाराचा अभ्यास करून १९६९ साली तो प्रसिद्ध केला. आज जगभर जे नियम सांगितले जातात त्यांच्या पायाशी असलेल्या अभ्यासांत ह्या दोहोंची गणना करावी लागते.

ह्या ह्यूस्टन यांची पूर्वकथा पिंडारीच्या वाटसरूला विशेष जवळची वाटावी, कारण ती नंदादेवीवर घडली. पिंडारीचे खोरे ह्या पर्वतसमूहाच्याच कुशीत आहे. १९३६ साली हार्वर्ड विद्यापीठातील काही तरुण मित्रांनी मोहिमेची कल्पना काढली, आणि त्यांना अनुभवी इंग्रज गिर्यारोहक येऊन मिळाले. त्यांत टिलमन आणि ओडेल हे दोघे होते. टिलमन दोनच वर्षांपूर्वी शिप्टन ह्या मित्रासह ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या पायथ्याचा मार्ग शोधून आला होता. जाता जाता सांगावयास हरकत नाही की, वर्षानुवर्षे एकत्र डोंगर चढूनही हे दोघे एकमेकांना आडनावानेच हाक मारीत. शिप्टनने एकदा पहिल्या नावाने हाक मारण्याची सूचना केली तेव्हा टिलमनला ती चमत्कारिक वाटली. ‘अरे-तुरे’ हीच मैत्रीची खूण मानणाऱ्या आपल्या लोकांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

शिखराच्या अखेरच्या टप्प्यासाठी ओडेल आणि ह्यूस्टन यांची निवड झाली. सात हजार मीटरांहून उंच अशा छावणीत दोघांनी डबाबंद मांस खाल्ले आणि ह्यूस्टन रात्रीतून सपाटून आजारी पडला. सकाळी ओडेलने खालच्या छावणीकडे ओरडून निरोप दिला. ‘चार्ली आजारी आहे’ असे तो म्हणाला. वाऱ्यात ते ‘चार्ली मेला’ असे ऐकू गेले. घाबरून मित्र वर धावले, तर ह्यूस्टन जिवंत होता. त्याने तेव्हाच खाली उतरावयाचे ठरविले, कारण तो वर राहिला असता तर ओडेलच्या सोबतीला दुसऱ्या कोणास जागा झाली नसती. त्याच्या जागी टिलमन राहिला. २९ ऑगस्ट १९३६ रोजी ओडेल व टिलमन ७,८१६ मीटर उंचीच्या नंदादेवीवर पोहोचले. १९५० पर्यंत माणसाने चढलेले ते सर्वांत उंच शिखर होते. तेवीस वर्षांच्या ह्यूस्टनचे पाऊल त्यावर कधीच पडले नाही. उंचीवर माणसाचे काय होते, ह्या प्रश्नाचा मात्र तो पुढे जन्मभर अभ्यास करीत राहिला.

अर्थात सारे काही निर्णयावर अवलंबून असते असे मानणेही चुकीचे होईल. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रताल येथे कर्नाटकातून आलेली बावीस जणांची तुकडी, चार हजार मीटरांहून उंच जागी, हिमवादळात सापडली आणि त्यांतील नऊ जणांचा मृत्यू झाला. मृतांत साठी ओलांडलेलेही होते. अशा प्रसंगी दुरून दोष देणे सोपे असते आणि बहुधा अन्यायाचे असते. त्यातून घ्यावयाचा धडा एवढाच की, थंडीनेही बुद्धी मंदावते. ओले कपडे आणि वारा ही जोडी बर्फापेक्षा घातक. थंडी भरलेला माणूस प्रथम कुडकुडतो, मग अडखळतो, मग बरळतो. आणि कुडकुडणे थांबले म्हणजे ऊब आली असे समजून आनंद मानू नये, कारण ती प्रकृती ढासळल्याची खूण असू शकते. येथेही रोग्याऐवजी सोबत्याचेच डोळे उपयोगी पडतात.

तेव्हा जुन्या मित्रांनी निघण्यापूर्वी काय ठरवावे? सामानाची यादी सर्वत्र मिळते, म्हणून तिचा विस्तार येथे नको. बोलण्याच्या गोष्टी मात्र घरच्या बैठकीतच, उंची शंभर मीटर असताना, बोलून घ्याव्यात. त्यांतली पहिली औषधांची. रक्तदाब, मधुमेह, छातीत केव्हा तरी उठलेली कळ, हे बायकोपासून लपविलेले एक वेळ समजू शकते. तंबूत शेजारी झोपणाऱ्या मित्रापासून लपवू नये. दुसरी, परतीची वेळ. झीरो पॉइंटकडे जाणाऱ्यांनी कोणत्या घटकेस मागे फिरावयाचे ते आदल्या रात्री ठरवावे, आणि सकाळी ऊन कितीही छान पडले तरी ते बदलू नये. तिसरी गोष्ट मागे फिरणाऱ्याची. तो एकटा कधीही उतरणार नाही, त्याच्यासोबत कोण उतरणार हे आधीच ठरलेले असावे. म्हणजे त्या क्षणी कोणाला त्यागाचा आव आणावा लागत नाही आणि कोणावर उपकाराचे ओझे राहत नाही. खर्चाची पिशवी सामायिक असावी आणि अर्ध्यातून परतणाऱ्याच्या वर्गणीचा हिशेब निघण्यापूर्वीच ठरलेला असावा. ही बाब क्षुल्लक वाटेल. पण पैसे बुडतील ह्या विचाराने आजारी अंगाने चढत राहणारी माणसे असतात, आणि संकोची माणसांत ती अधिक असतात.

चालण्याची गती सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवावी, हा नियम सर्वांना ठाऊक असतो आणि पहिल्या तासातच मोडला जातो. त्यावर साधा उपाय म्हणजे हळू चालणाऱ्यालाच पुढे ठेवणे. मागच्यांची थोडी चुळबुळ होते, पण मंडळी विखुरत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय नेतृत्वाचा. समवयस्क मित्रांत एकाला पुढारी करणे अवघड जाते. करावा तर इतर मनातून रुसतात, न करावा तर कोणाचाच शब्द अखेरचा राहत नाही. अशा मंडळींनी खाती किंवा आसपासच्या गावचा जाणता वाटाड्या घ्यावा आणि हवामान, वाट व परतणे या तीन बाबतींत त्याचा शब्द अखेरचा मानावयाचे सर्वांसमोर कबूल करावे. त्याला डोंगर माहीत असतो हे एक. दुसरे असे की, तुमच्या महाविद्यालयातल्या जागा, टोपणनावे आणि जुन्या पैजा त्याला ठाऊक नसतात, म्हणून ‘आता खाली चला’ हे वाक्य तो भीड न धरता बोलू शकतो. आपण मजुरी देतो म्हणून त्याने आपल्या मनासारखे बोलावे, ही अपेक्षा मात्र मैदानातच ठेवून यावी.

पिंडारीच्या माथ्यावर, नंदादेवी आणि नंदाकोट यांच्या मध्ये, सुमारे ५,३०० मीटर उंचीवर एक खिंड आहे. नकाशावर तिला ‘ट्रेल्स पास’ म्हणतात. कुमाऊँचा इंग्रज कमिशनर ट्रेल याने १८३० साली ती पार केली म्हणून हे नाव पडले. ती ओलांडून दाखविणारा सुपी गावचा मलक सिंह त्याच्या पुढे होता, आणि कमिशनरसाहेब मागून गेले.